पहिली छोटी हॅचबॅक घेताना

कंपनीने जाहीर केलेला मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून ठराविक चाचणीतून काढलेला असतो. त्यामुळे तो दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता वापरावा, खर्चाचा अंदाज त्यावर बांधू नये. त्याऐवजी साधे गणित करा. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १८ ऐवजी २० किलोमीटर देऊ लागली, तर वर्षभरात जेमतेम ६७ लिटर इंधन वाचते, आणि तेवढ्यासाठी महागडे मॉडेल घेणे परवडते का, हे तुम्हीच ठरवा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. मागच्या सीटवर तिघांना बसवून, एसी सुरू ठेवून, चढावर दुसऱ्या गियरमध्ये गाडी कशी ओढते ते पाहा, कारण लहान इंजिनाचा दम तिथेच कळतो. तीन सिलिंडरचे इंजिन असेल, तर गाडी उभी असताना स्टिअरिंगला जाणवणारी थरथर रोज चालेल का, याचाही विचार करा.

डिकीतील गालिचा उचलून स्टेपनी आहे की नुसते पंक्चर किट, हेही तपासा. मोठ्या टचस्क्रीनपेक्षा सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली तर तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेले मॉडेल मी केव्हाही पसंत करीन.