लाल बसची पाटी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझा स्वमग्न (ऑटिझम असलेला) भाऊ पुढच्या वर्षी अठराचा होतोय, दिवसभर एसटीच्या फक्त तोंडाचीच चित्रं काढत बसतो, आणि आई-बाबांना त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचंय. भरवू द्यावं का, असं तू विचारतेस. मला विचारशील तर इतक्यात नको.

माझ्या वर्गात एक स्वमग्न मुलगा होता. गळा इतका गोड, की रस्त्यानं जाणारी माणसं खिडकीशी थबकायची. त्याला गणपतीच्या मांडवात गाऊ द्या म्हणून त्याच्या आई-वडिलांच्या मी मागे लागले. कर्ण्यांचा आवाज, दिव्यांच्या माळा, गर्दी! कान दाबून तो तिथेच खाली बसला. पुढे वर्षभर त्यानं सूर लावला नाही. गाणं त्याचं होतं, टाळ्यांची हौस माझी. अजून ते मनातून जात नाही.

अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांची गोष्ट आई-बाबांना सांग. जन्म १९४७चा, ऑटिझम असलेल्या, पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. लहानपणी त्या घोड्याचं नुसतं डोकंच काढायच्या, पुन्हा पुन्हा. आईनं ते बंद केलं नाही. डोक्यावरून अख्खा घोडा, घोड्यावरून तबेला, असं एकेक पाऊल पुढे नेलं. तेराव्या वर्षी तिनं मुलीला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे कामाला लावलं. मला हे शिवणकाम फार मोलाचं वाटतं. घरच्यांच्या ‘वा!’नं मूल सुखावतं, पण ‘ही शिवण उसव, पुन्हा घाल’ हे सांगायला परकं माणूसच लागतं.

तुझ्या भावाला आता असं एखादं परकं माणूस हवंय.

तू पाठवलेल्या चित्रांत मी बसपेक्षा वरची पाटीच बघत राहिले. ‘सांगली–शिराळा’. काना, वेलांटी, सगळं एका मापात. असा हात भल्याभल्यांना नसतो गं! तुमच्या ओळखीच्या किराणा दुकानात मालाच्या दराच्या पाट्या कोण लिहितं? ते काम त्याच्यासाठी मागा. आठवड्याला दोन पाट्या, जास्त नको. आधी त्याला दुकानाचे फोटो दाखवा. दुपारी गिऱ्हाईक नसताना न्या. काय करायचं आणि किती वाजता निघायचं, ते चिठ्ठीवर लिहून द्या. दुकानदारांनाही सांगून ठेवा: तो नजरेला नजर देणार नाही, पण त्याचं लक्ष असतं; वाक्य छोटं बोला, उत्तराला वेळ द्या, पाटी चुकली तर चुकली म्हणा. आणि मजुरी त्याच्याच हातात द्यायची, बाबांच्या नाही.

ते पैसे ठेवायला त्याच्या नावाचं खातं काढा, सही गिरवून घ्या. अठरा पूर्ण झाले की कायद्यानं तो सज्ञान. त्याच्या वतीनं सही करायचा आई-बाबांचा हक्क आपोआप पुढे चालत नाही. गरज असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी प्रमुख असलेल्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण त्याआधी महिनाभर एक वही ठेवा. कपडे, जेवण, पैसे, डॉक्टर, यातलं तो स्वतः काय ठरवतो ते रोज लिहा. माझ्या अनुभवात ती यादी आई-बापांच्या अंदाजाहून नेहमी लांब निघते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, झालं नसेल तर तेही करून टाका.

प्रदर्शनाचं त्यालाच विचारा. रिकाम्या हॉलचा फोटो दाखवा, माणसांनी भरलेल्याचा दाखवा, समोर ‘हो’ आणि ‘नको’ची कार्डं ठेवा. त्यानं ‘नको’ उचललं तर आईला वाईट वाटेल. वाटू दे. त्याचं ‘नको’ घरात ऐकलं गेलं, तर उद्या बाहेरही तो ते म्हणू शकेल.

आणि तू. भावासाठी पुण्याचा प्रवेश सोडायचा विचार पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिला आहेस. सोडू नकोस. रोज ठरल्या वेळी त्याला फोन कर, तेवढं पुरे.

सांगलीत राहता, तेव्हा पहिली पाटी ‘हळद’ची असू दे. त्याचा ‘ळ’ फार देखणा आहे. फोटो पाठव.

तुझी,
बाई