धामापूरचे घर दुरुस्त करावे, दोन खोल्या मात्र थांबवाव्यात

ठाण्यातील एका 61 वर्षांच्या वाचकांनी विचारले आहे की, मालवण तालुक्यात धामापूरच्या तलावाजवळ असलेल्या वडिलांच्या कौलारू घराची दुरुस्ती आणि पर्यटकांसाठी दोन नव्या खोल्या यांवर मिळून 25 लाख रुपये खर्च करावेत का, आणि ते ठेवी मोडून उभे करावेत की कर्ज काढून. दुरुस्तीचे 16 लाख आणि खोल्यांचे 9 लाख हा आकडा 2025 च्या चतुर्थीला ते गावी गेले असताना तेथील ठेकेदाराने एका कागदावर लिहून दिला असून 40 टक्के उचल मागितली आहे. त्यांच्याकडे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख, बँकेच्या मुदत ठेवींत 12 लाख आणि इक्विटी म्युच्युअल फंडांत 15 लाख रुपये आहेत. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे (ईपीएस) निवृत्तिवेतन दरमहा 6,000 रुपये मिळते आणि पती-पत्नींचा घरखर्च 36,000 रुपये आहे. घर अद्याप दिवंगत वडिलांच्या नावावर असून या वाचकांना एक थोरले बंधू आणि एक बहीण आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी महिन्याच्या हिशेबात शोधू. बचत योजनेचे 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये येतात. ठेवींवर 7 टक्के धरले तर 7,000 रुपये. निवृत्तिवेतन धरून एकूण 33,500 रुपये होतात. आजच तुम्हाला महिन्याला 2,500 रुपये कमी पडतात आणि ते फंडांतून सहज भागतात. परंतु 25 लाखांसाठी सर्व ठेवी आणि फंडांतले 13 लाख काढले, तर उत्पन्न 26,500 वर येईल, तूट वर्षाला 1,14,000 रुपयांची होईल आणि ती भरून काढायला हाताशी फक्त 2 लाख उरतील. दोन वर्षे पुरी होण्याआधीच बचत योजनेला हात लावावा लागेल, तेथे मुदतीपूर्वी खाते बंद केल्यास कपात होते, आणि त्या पुढे आजारपणासाठी काहीच राहत नाही.

ही तूट खोल्यांच्या भाड्यातून भरून निघेल, असे तुम्ही लिहिले आहे. जेवण, वीज, साफसफाई आणि राखणदाराचा पगार वजा जाता एका खोलीमागे एका रात्रीचे 1,000 रुपये हातात राहतात असे मी सढळ हाताने धरले, तरीही वर्षात 114 रात्रींचे आरक्षण लागेल. पावसाचे चार महिने जवळजवळ कोरडे जातात, खरी गर्दी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात असते, आणि तुम्ही दोघे ठाण्यात राहून हा व्यवसाय दुसऱ्याच्या भरवशावर चालवणार आहात. शिवाय सुमारे 1530 मध्ये बांधलेल्या आणि 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून गौरवलेल्या तलावाच्या काठी नवे बांधकाम करणे आणि जुन्या जोत्यावर दुरुस्ती करणे या परवानगीच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या जागेचे काठापासूनचे अंतर मोजून ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय यांच्याकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय खोल्यांसाठी चिराही उतरवू नये.

कर्जाचा विचार सोडून द्यावा. 10 लाखांच्या 10 वर्षांच्या कर्जाचा 9 टक्क्यांनी हप्ता सुमारे 12,670 रुपये बसतो, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या दुपटीहून अधिक. प्राप्तिकरात दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची वजावट स्वतःच्या वापरातील घरासाठी वर्षाला फक्त 30,000 रुपयांपर्यंत आहे आणि तीही जुन्या करप्रणालीत. तुमच्या उत्पन्नाला तिचा काहीच उपयोग नाही. वडिलांच्या नावावरील घर बँक तारणही घेणार नाही.

आता मालकीकडे वळतो, कारण पत्रात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे आणि मला तीच सर्वांत मोठी जोखीम वाटते. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल आणि आईही हयात नसेल, तर तिघा भावंडांचा हिस्सा सारखा आहे, बहिणीचाही. हिशेबापुरते बोलायचे तर तुम्ही घालाल त्या 16 लाखांपैकी सुमारे 10 लाख 67 हजार रुपये दुसऱ्यांच्या हिश्श्यात जातात. 'घर तूच सांभाळ' हा थोरल्या भावाचा शब्द मनापासून दिलेला असेल, पण पुढे तो त्यांच्या मुलांना बांधील नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घरपट्टीसाठी तुमचे नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. भावंडे तयार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे. तयार नसतील तर तेही त्यांचे योग्यच आहे, आणि अशा वेळी किमान छपराचा खर्च तिघांत वाटून तसा करार लिहून ठेवावा.

ते झाल्यावर या हंगामात 10 लाखांचीच मर्यादा घालावी: 8 लाखांचे काम आणि 2 लाख राखीव. या 8 लाखांत छप्पर, वाळवी लागलेले वासे आणि रिपा, वायरिंग आणि शौचालय बसवावे. फरशी, गिलावा आणि रंग पुढच्या वर्षावर टाकावेत. राखीव रक्कम मोठी वाटेल, पण कौले उतरवून जुने लाकूड उघडे पडेपर्यंत भाल (आडवी तुळई) आणि आढे (छपराच्या माथ्याचे लाकूड) किती पोखरले आहेत हे कोणत्याही सुताराला खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच कौले उतरल्यावर काम दोन दिवस थांबवून, बदलायच्या लाकडाची नव्याने मोजणी करून मगच पुढचे पैसे द्यावेत. स्वतःच्या आवारातला फणस किंवा ऐन तोडून लाकूड वापरायचा विचार असेल, तर वन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.

पैसा फंडांतून काढावा, ठेवी तशाच ठेवाव्यात. दिवाळीनंतर सुरू होणारे काम मे महिन्यापर्यंत चालत असल्याने ते आपोआप दोन आर्थिक वर्षांत विभागले जाते. 31 मार्चपूर्वी 5 लाख आणि 1 एप्रिलनंतर 5 लाख काढले, तर वर्षाला 1.25 लाखांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावरील सवलत दोनदा मिळते. त्यावरच्या नफ्याला 12.5 टक्के कर असला तरी तुमचे इतर उत्पन्न कमी असल्यामुळे तो किरकोळच राहील. मात्र एप्रिलची रक्कम बाजार कोसळल्यास अडकू नये, एवढी काळजी असेल तर करसवलत सोडून सर्व रक्कम आताच काढावी. मी स्वतः तसेच सुचवेन, कारण उघड्या छपराला बाजार सावरण्याची वाट पाहता येत नाही.

ठेकेदाराच्या कागदावर मापच नाही, म्हणून त्या 16 लाखांवर मत देणे शक्य नाही. उक्त्या (एकरकमी ठरवलेल्या) कामात कुठे काय धरले आहे ते कळत नाही आणि वाद झाला की दोघेही आपापल्या आठवणीवर अडून बसतात. छपराचा दर चौरस फुटावर, लाकडाचा घनफुटावर, चिऱ्याच्या बांधकामाचा ब्रासवर मागून घ्यावा आणि त्याच मापांवर आणखी दोघांचे दर घ्यावेत. जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, हे लिहून घ्यावे. तसेच 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला असल्याने चतुर्थीचा अंदाज सुधारून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. खाडीची खारी वाळू चालणार नाही आणि स्क्रू-पट्ट्या गंज न लागणाऱ्याच हव्यात, ही वाक्येही करारात असावीत, कारण खाऱ्या हवेत स्वस्त लोखंड फार टिकत नाही.

उचल 10 टक्क्यांहून अधिक देऊ नये. पुढची रक्कम कौले उतरणे, लाकूड बसणे, कौले चढणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्यांवर द्यावी आणि प्रत्येक टप्प्याला तुमच्यापैकी कोणीतरी प्रत्यक्ष हजर असावे. शिमग्याला मजूर गावी जातात हे धरून कौले चढवण्याची शेवटची तारीख 10 मे लिहावी, म्हणजे मिरगाआधी हाताशी थोडे दिवस राहतील. शेवटचे 10 टक्के मात्र राखून ठेवावेत आणि पुढच्या चतुर्थीला गावी गेल्यावर, पावसात कुठे गळले नाही हे पाहून द्यावेत. जो ठेकेदार या अटीला सरळ नकार देईल त्याला काम देऊ नये.