कूलरमागची घूस आणि तिळाएवढा किडा

प्रश्न: दादा, मी बीएस्सी सेकंड इयर, झूलॉजी, राहते नागपुरात मानेवाड्याला. पाऊस लागला म्हणून कूलर काढायला गेले तर मागे मेलेली घूस, आणि ती काडीने सरकवली तर खाली तपकिरी किडे, तिळाएवढे, भराभर पळत होते. मी 7 उचलून सॅनिटायझरच्या बाटलीत टाकले. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली काढलेले फोटो सोबत आहेत. मॅडम म्हणाल्या भुंगेऱ्यांच्या लायोडिडी कुळातला दिसतो, मेलेल्या जनावरावर जगणारा. मोबाईलच्या ॲपवर काहीच मॅच होत नाही. म्हणजे नवीन प्रजाती ना? मग नाव मी देऊ शकते का? पेपर किती दिवसात निघतो?

उत्तर: घुशीखालचे किडे वेचणारी वाचक आपल्याला आहे हे वाचूनच बरं वाटलं. घरचे काय म्हणाले ते मी विचारत नाही बाप्पा.

मॅडमचं बरोबर आहे. तुझ्या तिसऱ्या फोटोत मिशी नीट दिसते, मणी ओवल्यासारख्या 11 कड्या, शेवटच्या 5 जाड, पण त्यातली आठवी बघ, सातवी आणि नववीच्या मधे दबून बसलीय, बर्डीवरून निघालेल्या शेअर ऑटोत दोन जाड मावश्यांच्या मधे पोरगं बसतं ना तशी. ही बारकी आठवी कडी म्हणजे लायोडिडीची ओळख. कुळ मोठं आहे, जगभरात 4,000 च्या आसपास प्रजाती, कोणी पालापाचोळ्यात, कोणी बुरशीवर, कोणी गुहेत, काही तर मुंग्यांच्या वारुळात. म्हणजे तुझ्याकडे आत्ता फक्त आडनाव आहे, नाव अजून लांब आहे.

आता ॲपचं. ॲप म्हणजे काय तर लोकांनी काढलेले आणि कोणीतरी ओळखलेले फोटो, ज्या किड्याचा फोटोच कधी कोणी टाकला नाही तो ॲपला कुठून माहीत असणार, आणि 3 मिलीमीटरचा तपकिरी किडा, त्याचा फोटो काढतंय कोण, सगळे फुलपाखरांच्या मागे. त्यामुळे ॲपला माहीत नाही आणि जगात कोणालाच माहीत नाही यात लय फरक आहे.

यात मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून सांगतो. असाच एक भुंगेरा मला नवीन वाटला, चित्रं काढली, मोजमापं घेतली, मनातल्या मनात नावही ठरवलं, दीड वर्ष गेलं आणि मग एका जुन्या फ्रेंच लेखात त्याचं वर्णन सापडलं, माझ्या आजोबांच्या जन्माआधीचं. प्राण्यांच्या नावांचा हिशोब 1758 पासून धरतात, लिनिअस या शास्त्रज्ञाच्या प्राण्यांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीपासून, आणि ज्याने पहिले छापलं त्याचं नाव टिकतं. नंतरच्याने कितीही सुंदर नाव दिलं तरी ते समानार्थी म्हणून बाजूला पडतं.

म्हणून पहिलं काम, त्या 7 मधे नर किती ते बघ. या किड्यांमधे नराच्या पुढच्या पायांचे पंजे बहुतेक वेळा रुंद असतात, मादीचे सडपातळ. नर इतका महत्त्वाचा काऊन, तर वरून हे सगळे सारखेच, तपकिरी, लंबगोल, अंगावर बारीक लव, खरा फरक नराच्या जननेंद्रियात. किडा कोमट पाण्यात मऊ करायचा, मागून बारीक सुईने तो अवयव ओढून काढायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वरून आणि बाजूने चित्र काढायचं. टोक कसं वळलंय, केस किती, यावर प्रजाती ठरते. ऐकायला कसंतरी वाटतं पण सवय होते. पहिले दोन-तीन तुटतात, म्हणून सुरुवात नेहमीच्या किड्यांवर कर, या सातांना हात लावू नको. आणि ते सॅनिटायझरमधून काढ, जेल चिकटतं, मॅडमकडून 95 टक्के अल्कोहोल घेऊन त्यात ठेव, पुढे डीएनए काढायचा झाला तर कामी येईल.

लेबल आजच लिही. नुसतं नागपूर नको. मानेवाडा, तारीख, जीपीएसचे आकडे, मेलेल्या घुशीखाली, गोळा करणारीचं नाव. बिनलेबलचा किडा म्हणजे कचरा, मग तो कितीही दुर्मिळ असो.

मग तुलना. याच वंशातल्या, निदान आपल्या भागातून वर्णन झालेल्या, प्रत्येक प्रजातीशी ताडून बघायचं, नुसत्या वर्णनाशी नाही तर जमेल तिथे मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्या किड्यावरून ते वर्णन झालं त्याच्याशी. भारतातले कितीतरी मूळ नमुने लंडनच्या म्युझियममधे आहेत, त्यांचे फोटो मागवावे लागतात. सगळा वेळ इथेच जातो. एवढं करून वेगळा ठरला तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे तुझ्या प्रजातीचा मूळ नमुना, म्हणून निवडायचा, तो कुठल्या संग्रहात ठेवला ते पेपरात लिहायचं, 2000 पासून हे सक्तीचं आहे. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदही लागते. आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवीन प्रजातीचा नमुना सरकारने ठरवलेल्या संस्थेत द्यावा लागतो, प्राण्यांसाठी झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, त्यांचं एक केंद्र पुण्यात आहे. कूलरमागे ठीक, पण अजून किडे हवेत म्हणून गोरेवाड्यात नाहीतर पेंचमधे सापळा म्हणून ग्लास पुरून मासळीचा तुकडा ठेवायला जाऊ नको, वनखात्याची परवानगी लागते.

दिवसांचं विचारलंस, वर्षांचं विचार.

आणि एक गंमत. अँड्र्यू मरे नावाच्या स्कॉटिश माणसाने 1856 मधे कॅटॉप्स या वंशावर, म्हणजे तुझ्या किड्याच्या भाऊबंदांवरच, अख्खा प्रबंध लिहिला. त्याच मरेने 1860 मधे नागपूरच्या जीवाश्म किड्यांवर टिपण छापलं. दगड होते आपल्या टाकळीचे, पाठवणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने कॉलेज आहे तेच. म्हणजे नागपूरचे किडे अभ्यासायची सुरुवात मेलेल्यांपासूनच झाली, तू फक्त घुशीपर्यंत आणलीस.

प्रश्न: रिटायर्ड शिक्षक आहे, हिंगण्याजवळ शेत आहे. शोध लागला तर किड्याला वडिलांचं नाव देता येतं का? की पैसे भरावे लागतात?

उत्तर: काका, पैसे नाही लागत. देता येतं, पुरुषाच्या नावाला शेवटी आय, बाईच्या नावाला ए-ई. नाव तो ठेवतो जो वर्णन छापतो, सापडवणारा नाही, स्वतःचं स्वतःला कोणी देत नाही, वाईट दिसतं. लायोडिडीतच 2005 मधे स्लाइम मोल्डवर, म्हणजे बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण बुरशी नसलेल्या जीवांवर, जगणाऱ्या भुंगेऱ्यांना तेव्हाच्या अमेरिकी सरकारातल्या बुश, चेनी आणि रम्सफेल्ड यांची नावं दिली, कौतुकाने दिली असं देणारे म्हणाले. याच कुळातला लेप्टोडायरस, गुहेतला पहिला माहीत झालेला किडा, 1831 मधे आजच्या स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना गुहेत लुका चेच नावाच्या दिवे लावणाऱ्याला सापडला. किड्याला नाव मात्र मिळालं काउंट होहेनवार्टचं, तेही स्पेलिंग चुकून, आणि नियमामुळे ती चूक आजही तशीच आहे.

प्रश्न: धरमपेठेत राहते. मेलेल्या उंदरावरचे असले किडे घरात आले तर रोग होतो का? फवारणी करून घेऊ?

उत्तर: नका करू ताई. हे चावत नाहीत, उंदीर संपला की पालापाचोळ्यात निघून जातात. काळजी किड्याची नाही, उंदराची करा, त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातमोजे घाला, उंदीर खोल खड्ड्यात पुरा, जागा ब्लीचिंगने धुवा. आणि पुरण्याआधी खाली एकदा बघून घ्या, बारका तपकिरी काही पळताना दिसला तर मानेवाड्याच्या पोरीला अजून नर हवेतच आहेत.