फ्लॉप्या, सीड्या आणि स्टीलचा तांब्या

प्रश्न असा आला आहे: "सदाशिव पेठेतल्या आमच्या संस्थेचं कपाट आवरताना चाळीस जुन्या फ्लॉपी निघाल्या. डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहावं? फ्लॉपीज, फ्लॉप्या, की लवचीक तबकड्या? आणि या तर चांगल्या कडक प्लॅस्टिकच्या आहेत, मग यांना फ्लॉपी का म्हणायचं?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. तांब्या स्टीलचा असतो की नाही? नाव तांब्यावरून पडलं, धातू बदलला, नाव राहिलं. तेल हा शब्दही तिळावरून आला, म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला आपण दुसरं नाव शोधत बसलो नाही. फ्लॉपीचं तसंच. ही संगणकातला मजकूर साठवून न्यायची चकती, आणि इंग्रजीत फ्लॉपी म्हणजे लिबलिबीत. आयबीएमने १९७१ साली काढलेली पहिली फ्लॉपी आठ इंची, आणि खरोखरच लिबलिबीत होती. १९७६ मध्ये आलेली सव्वापाच इंचीही हातात धरली की वाकायची. सोनीने १९८१ साली साडेतीन इंची काढली आणि तिला कडक कवच दिलं. पण कवचाची पत्र्याची पट्टी सरकवून पाहा (रजिस्टरला नोंद करायच्या आधी एकीवर हा प्रयोग करायला हरकत नाही), आत तीच पातळ, लवलवणारी तपकिरी चकती दिसेल. म्हणजे आपल्या स्टीलच्या तांब्यापेक्षा फ्लॉपी आपल्या नावाला जास्त जागली.

अनेकजण त्या काळात साडेतीन इंचीला तिच्या कडकपणामुळे बेधडक 'हार्ड डिस्क' म्हणायचे. चूक असली तरी तर्काला धरून होती.

मुळात फ्लॉपी हे इंग्रजीत विशेषण. पुढची डिस्क गळून पडली आणि विशेषणाचंच नाम झालं. पडलेल्या सिनेमाला आपण फ्लॉप म्हणतो तो शब्दही याच घरातला, पण मराठीत दोघं वेगवेगळ्या दारांनी आले, त्यामुळे त्यांचं नातं कुणाच्या कानाला जाणवत नाही.

आता अनेकवचन. गाडी-गाड्या, वाटी-वाट्या, तशा फ्लॉपी-फ्लॉप्या. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर छपाईची पानं जुळवून देणाऱ्यांकडे) 'फ्लॉपीज' असं म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही. "फ्लॉप्या दोन आणा, एक उडाली तर दुसरी," असं ऐकायचो आणि खरंच दोन न्यायचो. एकीत मजकूर, दुसरीत तोच मजकूर आणि शिवाय फाँट. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत, रुळलेलं नव्हतं. फाँट सोबत नेला नाही तर छापखान्यातल्या संगणकावर आपल्या अग्रलेखाची अगम्य चिन्हं व्हायची. जागा १.४४ एमबी. हा आकडाही गमतीचा आहे: प्रत्यक्षात १४,७४,५६० बाइट. किलो मोजताना १०२४ धरले आणि मेगा करताना १०००ने भागलं. पायलीने घेऊन किलोने विकावं तसा हा हिशेब.

'ई'कारान्त म्हणून फ्लॉपी स्त्रीलिंगी झाली, असं सरळ म्हणता येत नाही. टीव्हीसुद्धा ईकारान्तच, पण आपण 'तो टीव्ही' म्हणतो. फ्लॉपीला आणि सीडीला चकती, तबकडी, थाळी या गोल, चपट्या नातेवाइकांनी ओढून घेतलं असावं. ग्रामोफोनची रेकॉर्डही 'ती'च होती. सीडीच्या सीड्या झाल्या, डीव्हीडीच्या डीव्हीड्या. एका सीडीत साडेचारशेच्या वर फ्लॉप्या मावत, तेव्हा फ्लॉपीचं पुढे काय होणार ते दिसतच होतं. १९९८च्या आयमॅकला फ्लॉपीची खाचच नव्हती. सोनीने विक्री थांबवली ती मात्र २०११ साली.

जाता जाता: इंग्रजीत सीडी 'जाळतात'. मराठीत कुणी जाळली नाही. आपण ती 'राईट करून' घेतली.

पेन ड्राइव्हची गोष्ट वेगळी. २००० साली आला तेव्हा त्यात ८ एमबी मावायचे. आज तो सगळ्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे, पण व्याकरणाच्या दृष्टीने अजून पाहुणाच. 'पेनाने लिही' म्हणतो, 'टेबलावर ठेव' म्हणतो, 'बँकेत जा' म्हणतो. म्हणजे या शब्दांना सामान्यरूप मिळालं. 'पेन ड्राइव्हात टाक' असं मात्र कुणी म्हणत नाही. 'पेन ड्राइव्हमध्ये' किंवा 'पेन ड्राइव्हला'. फ्लॉपीला 'त' बिनदिक्कत लागायचा: "फ्लॉपीत घालून दे." अनेकवचनावरून मात्र काही कळत नाही, कारण एक दगड, चार दगड, तसेच एक पेन ड्राइव्ह, चार पेन ड्राइव्ह.

राहिली लवचीक तबकडी. तबक मूळ अरबी, आपल्याकडे तबकडी होऊन पार घरचं झालं. शब्द सुरेख आहे, पण मराठी माणसाला तबकडी म्हटलं की एक तर ग्रामोफोन आठवतो, नाही तर आकाशातून उडत येणारी. फ्लॉपीतला मजकूर गेला की आम्ही 'फ्लॉपी उडाली' म्हणायचो, तेवढ्यापुरती ती उडती तबकडी खरी. पण हिशेबतपासनीस आले की तुम्हाला हा विनोद समजावून सांगावा लागेल.

तेव्हा रजिस्टरला लिहा: 'फ्लॉप्या, साडेतीन इंची, नग ४०'. मापाचा उल्लेख गाळू नका; कपाटाच्या खालच्या कप्प्यात सव्वापाच इंचीही निघण्याची शक्यता आहे.