जुन्या वस्तूंच्या दुकानात पहिल्यांदा जाताना

पहिल्या खेपेला काही घेऊ नकोस, नुसतं बघ. सावंतवाडी काय, रत्नागिरी काय, पुढे मांडलेलं चकचकीत सामान गिऱ्हाइकाला भुलवायला असतं. खरी मजा मागच्या पडवीत, धुळीत. खिशात छोटं लोहचुंबक ठेव. पितळेला ते चिकटत नाही. समईला चिकटलं, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा.

लाकडी सामान समोरून बघून काही कळत नाही. खण पूर्ण बाहेर काढ, उलटा कर. तळाला प्लाय निघालं की ‘आजोबांच्या काळातलं’ ही गोष्ट तिथंच संपली, किंवा निदान दुरुस्ती तरी झालेली. जुने सांधे हाताने कापलेले, जरा कमीजास्त असतात. पायाशी बारीक भोकं दिसली तर बोटाने ठोकून बघ. पिठासारखा ताजा भुसा पडला, तर कीड जिवंत आहे. मी एकदा फणसाची पेटी स्वस्तात मिळाली म्हणून उचलली. पावसाळ्यात तिच्यातल्या किडीने शेजारचं कपाटही पोखरलं. घरी अजून बोलणी खातो!

गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, जुना संच दाखवला तर पानं मोज. दशावतारी गंजिफेत 120 लागतात. आणि सावंतवाडीत नव्याही रंगवतात, हे विसरू नकोस.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेत असशील तर आधी वय विचार. 1972च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

तांब्याचा बंब मात्र पाणी भरून गळती बघितल्याशिवाय घेऊ नकोस.