सोनपाखराच्या नावात रत्न नाही, बैल आहे

प्रश्न आला आहे तो असा: सोनपाखरू ज्यात मोडते त्या चमकदार किड्यांच्या कुळाचे नाव 'बुप्रेस्टिड', त्याचा लॅटिनमध्ये अर्थ 'रत्नासारखा' हे खरे का? आणि मराठीत त्याला 'रत्नभुंगा' म्हणावे का?

खरे नाही. पावसाळ्यात अंजनेरीच्या वाटेवर माहिती सांगणाऱ्यांच्या तोंडून मी हेच ऐकत आलो आहे आणि दर वेळी राग येतो. इंग्रजीतले 'ज्वेल बीटल' हे बोलीतले नाव आहे. त्याचा अर्थ उचलून शास्त्रीय नावाला चिकटवायचा, हा कुठला न्याय? दुसरे असे की 'बुप्रेस्टिडी' हे सुमारे १५,००० जातींचे कुळ आहे, तेव्हा 'बुप्रेस्टिडी जातीचा किडा' असे लिहू नये.

आता खरी गंमत. मूळ ग्रीक शब्द 'बूप्रेस्तिस'. त्यातला 'बू' म्हणजे गाय किंवा बैल, आणि हा 'बू' दुसरातिसरा कोणी नसून आपला 'गो' आहे! मूळ भाषेतल्या एका ध्वनीचा संस्कृतात 'ग' झाला आणि ग्रीकमध्ये 'ब'. बॅरोमीटरमधल्या 'बारोस'चा सख्खा 'बारुस' (जड) म्हणजे आपला जड या अर्थाचा 'गुरु', तोही याच वाटेने गेलेला. म्हणजे या किड्याच्या नावात गोठ्यातले जनावर उभे आहे.

उत्तरार्ध 'प्रेथेइन' या क्रियापदाचा. त्याचे अर्थ दोन, फुगवणे आणि जाळणे. कोणी 'बैल जाळणारा' असा अर्थ देऊन मोकळे होतात. मला तो साफ नामंजूर आहे. प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात लिहून गेला आहे की हा किडा गवतात बैलाला चकवतो, म्हणूनच त्याला हे नाव. गिळला गेला की अशी सूज आणतो की जनावर फुटते. 'प्रेस्तेर' नावाचा एक सापही जुन्या लेखनात येतो. तो चावला की माणूस फुगत जातो. इतके असताना जाळणे कशाला हवे? काही जण मेलॅनोफिलाचा दाखला देतात. बुप्रेस्टिड कुळातला हा किडा वणव्याची उष्णता लांबून ओळखतो आणि जळक्या लाकडात अंडी घालतो. दाखला सुंदर आहे, पण नाव त्या शोधाच्या कितीतरी शतके आधीचे. गुराला पोटफुगी झालेली ज्याने पाहिली आहे, कूस नगाऱ्यासारखी ताणलेली, बोटाने टिचकी मारली की ढबढब वाजणारी, त्याला कोश उघडावा लागणार नाही.

पण सोनपाखरू तर विषारी नाही! घोळ लिनीयसचा आहे, म्हणजे प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाचा. ग्रीकांचा बूप्रेस्तिस बहुधा अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी होता. सिन्नर-येवल्याकडे बाजरीच्या कणसांवर बसतात ते हिंगे त्यांचेच भाऊबंद. चिरडला तर कातडीवर टरारून फोड येतो. लिनीयसने १७५८ मध्ये ते जुने नाव उचलले आणि या निरुपद्रवी, चमकदार किड्यांना देऊन टाकले. चारच वर्षांनी जॉफ्र्वा या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने तेच नाव जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांना लावले आणि चमकणाऱ्यांना 'रिशार' म्हणजे धनवान म्हटले. श्रीमंती शोधायचीच असेल तर ती तिथे आहे. आधी दिलेले नाव खरे, या नियमाने मात्र लिनीयसचे नाव टिकले आणि निरपराध किड्याच्या माथी बैल मारल्याचा डाग कायमचा बसला.

'रत्नभुंगा' मला मुळीच पसंत नाही. भुंगा म्हणजे भ्रमर, फुलावर गुंजारव करणारा, लाकूड पोखरणाऱ्या मधमाशीच्या गोतातला. कठीण पाठीच्या किड्याला शेतकरी भुंगेरा म्हणतात, आणि तोच शब्द बरोबर आहे. द्राक्षबागायतदारांनी आपल्या खोडकिड्याला यात ओढू नये; तो लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या वेगळ्या कुळातला.

आणि सोनपाखरू हा शब्द असताना नवा घडवायचा कशाला? लहानपणी बाभळीवरून काढून आम्ही ते काड्यापेटीत ठेवायचो, बाभळीचाच पाला घालून. पाठ तपकिरी, मान मात्र हिरवीगार, पेटी कलती केली की निळसर झाक मारणारी. सकाळी पाल्यात तांदळाएवढी अंडी दिसायची. तो हिरवा म्हणजे रंगद्रव्य नव्हे. कवचाच्या पातळ थरांवरून उजेड परततो तसा तो दिसतो. म्हणून मेलेल्या सोनपाखराची मानही वर्षानुवर्षे तशीच झळाळत राहते.