टँकरच्या दिवसांतली बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलापुरात नवं घर बांधलंय. पुढे 20 बाय 15 फुटांचं अंगण आहे. मुलाला लॉन हवंय, पण एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो. काय करावं?

उत्तर : आधी लॉनचा हिशोब मुलासमोर मांडा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचं अंगण साधारण 28 चौरस मीटर. उन्हाळ्यात रोजचे 5 मिलिमीटर धरले तरी 140 लिटर, म्हणजे नऊ-दहा बादल्या झाल्या. तेही बहुतेक वेळा नुसतं बघायला! खेळायला हवंच असेल तर दाराशी सहा बाय सहाचा तुकडा ठेवा आणि त्यात कार्पेट गवताऐवजी आपली हरळी लावा. शेतकरी वाचक हसतील, कारण त्यांचा जन्म ती उपटण्यात गेलाय. पण मेमध्ये वाळून पिवळी पडलेली हरळी पहिल्या पावसात पुन्हा उठते. कडेने फरशीचे तुकडे उभे गाडा, नाहीतर ती वाफ्यांत शिरेल.

उरलेल्या जागेत झाडं तहानेप्रमाणे वाटून लावा. नळाजवळ पुदिना, कोथिंबीर, गुलाब. त्यापुढे आठवड्यातून एक-दोनदा पाणी चालणारी जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा. कुंपणालगत सीताफळ, करवंद, पांढरा चाफा; पहिली दोन वर्षं सांभाळलीत तर पुढे बरीचशी पावसावर निभावतात. शेवगाही लावा, पण गाडी लावता त्या बाजूला नको, त्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात. कण्हेरही कमी पाण्यात फुलते, पण ती विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर टाळलेली बरी.

घरोघरी मी पाहते ते मात्र वेगळंच. कोरफडीशेजारी गुलाब! गुलाबासाठी पाइप सोडला की कोरफड कुजते, तिच्याकडे बघून हात आखडला की गुलाब वाळतो. मग दोष नर्सरीवाल्याला.

लागवड झाली की माती उघडी ठेवू नका. उसाचं पाचट किंवा पालापाचोळा तीन इंच पसरा, खोडापासून चार बोटं लांब. गेल्या मेमध्ये आमच्या आळ्यातलं पाचट बाजूला करून पाहिलं. वरचा थर पापडासारखा कुरकुरीत, खालची माती मात्र गार, मुठीत दाबली तर लाडू वळेल इतकी ओली. आणि हातभर अंतरावर उघड्या काळ्या मातीला पेन्सिल जाईल अशी भेग. पाणी दोन्हीकडे एकाच दिवशी घातलेलं होतं.

प्रश्न : वांग्याच्या वाफ्यात मडकं पुरलंय. चार दिवस झाले, पाणी तसंच. मडकं खराब आहे का?

उत्तर : आधी मडक्यालगतच्या मातीत दोन पेरं बोट घाला. ओलं लागलं तर काळजी नको. भोवतीची माती सुकली की ती मडक्यातलं पाणी ओढते, ओली असेल तर पाणी आतच राहतं. मटका सिंचनाची सगळी गंमत यातच आहे. माती कोरडी असूनही पाणी उतरत नसेल तर मडकं वर काढा, सुकवा आणि भरून ठेवा. दिवसभरात बाहेरून दमट लागलं पाहिजे. रंगवलेलं किंवा चकाकी दिलेलं मडकं पाझरत नाही. बोअरच्या क्षारांनीही छिद्रं बुजतात. ब्रशने घासून फरक पडला नाही तर नवं साधं मडकं आणा. तोंड जमिनीच्या वर राहू द्या आणि झाकण ठेवा, नाहीतर डासांची सोय होईल. रोपं मडक्यापासून वीतभर अंतराच्या आतच हवीत.

प्रश्न : आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू का?

उत्तर : मूळ पाणी बोअरचं असेल तर नको, फरशी पुसायला वापरा. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कुंडीतल्या मातीवर पांढरी पापडी दिसली तर समजा, ते साचलेत. नळाचं पाणी गोडं असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून घाला. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र कुठल्याही झाडाला चालतं. न्हाणीचं पाणी केळीला आणि कर्दळीला, ही जुन्या घरांची रीत चांगलीच होती. फक्त ते साठवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर बोगनवेल आहे. रोज पाणी घालते, पानं भरपूर, फूल एकही नाही.

उत्तर : रोज घालता म्हणूनच! पानं किंचित मलूल झाल्यावर कुंडीच्या तळातून निथळेल इतकं पाणी द्या, आणि मग पुन्हा मलूल होईपर्यंत थांबा. दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन हवं. शेणखत सध्या बंद. फुलं आली की आनंदाच्या भरात पुन्हा रोजची बादली सुरू करू नका.